माझ्या पाळीचे चार दिवस

लानवेन, वेल्स
बुधवार, २८ मार्च १९८४

प्रिय प्लासिड,

येशूची स्तुती असो. तुझा गुडघा कसा आहे? थंडी सरली म्हणजे कळ उतरली असेल. नसेल तर एरंडाचं पान गरम करून बांध, गोळ्यांनी पोटाचं वाटोळं होतं. तुझ्या डेल्फिनच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळायचं ते थांबलं का? तिला म्हणावं, चुलीपुढे बसणं कमी कर. तुझ्या ॲन्सेल्मची बारावीची परीक्षा संपली असेल. पोरगं अभ्यासाने काडी झालं होतं, अंगाला काही लागलं का त्याच्या? भागूबाईचा खोकला कसा आहे? तुझ्याकडे खुरपणीला येते तेव्हा तिचा खोकला माझ्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा. आणि तुझा रेडा? त्याचा मागचा खूर चिरला होता, मी कुंपणावरून पाहिलं होतं. बोललो नाही एवढंच.

आठ वर्षांनी पत्र लिहितोय. तू म्हणशील, ज्याला कुंपणापलीकडून हाक मारायला जमलं नाही तो आता विलायतेतून ओरडतोय. म्हण. खरंच आहे ते. झालं असं की विनीने मला हे निळं पाकीट दिलं आणि म्हणाली, बाबा, सुखरूप पोचल्याचं घरी कळवा. मी पेन घेऊन बसलो आणि विचार केला, घरी म्हणजे कोणाला? मार्गारेट तर मातीत गेली. घराला कुलूप. मग तुझंच नाव आलं लेखणीतून.

हे गाव आपल्या आळीएवढं. पंचवीस-तीस घरं, एक दुकान, त्याच दुकानात टपालघर, आणि एक त्यांचं चॅपेल. आपली मिस्सा बारा मैलांवर. गावाच्या नावातला पहिला 'ल' आपला नव्हे. जीभ टाळूला लावायची आणि गालातून वारा सोडायचा, चूल फुंकल्यासारखा. दोन दिवस फुंकतोय. विनीचा नवरा ग्विन हसून बेजार होतो, पण माणूस गुणाचा आहे. सकाळी माझ्यासाठी चहात आलं ठेचून घालतो. घरांवर आपली कौलं नाहीत. शाळेची पाटी असते ना, तिच्याच दगडाच्या चकत्या छपरावर बसवतात. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसभर चाळणीतून गाळल्यासारखा पडतो. डोंगरावर मेंढ्या नुसत्या भिजत उभ्या, हाकायला कोणी नाही.

विनीची पोर दोन महिन्यांची झाली. नाव मार्गारेट ठेवायचं ठरलंय, आजीवरून. कान आपल्या घराण्याचे, सुपासारखे. विनी म्हणाली, प्लासिडकाकांचे कान आलेत. मी ऐकून घेतलं.

सुकेळी आणली होती. विमानतळावरच्या साहेबाने पुडकं उघडून हुंगलं आणि विचारलं, हे काय. मी म्हटलं, केळं. तो म्हणाला, हे केळं नाही. मी म्हटलं, साहेब, उन्हात आठ दिवस पडून राहिलात तर तुम्हीही असेच दिसाल. विनी म्हणते, बाबा, असं बोलायचं नसतं.

बाप्तिस्मा जूनमध्ये आहे. माझं परतीचं तिकीट १८ जूनचं, त्याच्या आत निघता येत नाही म्हणतात.

एक राहिलंच. पाण्याच्या माझ्या पाळीच्या दिवसांत पंपाच्या मोटारीचा आवाज आला तर मनावर घेऊ नकोस. केळी वाळू नयेत म्हणून एका माणसाला सांगून आलोय. मोटारीच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे आहे. तुझ्या चार दिवसांना तो हात लावणार नाही, तसं बजावलंय.

तुझा,
सेबॅस्टियन


लानवेन
सोमवार, ९ एप्रिल १९८४

प्रिय प्लासिड,

पहिलं पत्र पोचलं असेल किंवा वाटेत असेल. उत्तराची घाई नाही, असं लिहिणार होतो, पण रोज टपालवाल्याच्या वेळेला मी फाटकापाशी असतो हे विनीच्या लक्षात आलंय. तेव्हा आहे घाई.

ग्विन मला आराम करू देत नाही. शनिवारी समुद्राकाठचा किल्ला दाखवला. मी त्याला म्हटलं, किल्ला आम्हालाही आहे. आमच्या किल्ल्यात वड भिंतीतून बाहेर येतो आणि जवळच पाचूबंदरच्या बाया मासे सुकवतात. इथे सगळं गवत हजामत केल्यासारखं. बुरुजावर चढलो, धाप लागली. ग्विन म्हणाला, हा आमच्या लोकांनी बांधलेला नाही, आम्हाला दाबून ठेवायला बाहेरच्या राजाने बांधला. मी म्हटलं, जावईबापू, आपलं जमणार. आमचाही तसाच आहे.

काल मिस्सा झाल्यावर पाटीच्या दगडाची खाण पाहिली. लहान मुलांच्या खेळण्यातल्यासारखी गाडी आत नेते. डोक्यावर लोखंडी टोपी. आत गेल्यावर वाटाड्याने दिवा मालवला. डोळे उघडे की मिटलेले तेच कळेना. तो म्हणाला, माणसं इथे मेणबत्तीवर काम करायची, दिवसचे दिवस ऊन दिसत नसे. बाहेर आल्यावर एका म्हाताऱ्याने छिन्नी लावून दगडाची चकती पापडासारखी सोडवली आणि मला दिली. मी तिच्यावर खिळ्याने 'वटार' कोरलं. त्याने विचारलं, काय लिहिलंस? मी म्हटलं, माझ्या गावाचं नाव. त्याने ती चकती आपल्याच खिडकीत ठेवून दिली. मला ती घरी आणायची होती, पण मागू कसा?

विहीणबाईंबद्दल लिहितो. ग्विनची आई, मेगन. माझ्याच वयाची, सत्तरीला टेकलेली. दीड मैलावरून चालत येते, हातात केक नाही तर अंडी. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, मोडकं. घरात त्यांची वेगळीच बोली आहे. तिच्या आजीच्या वेळी शाळेत ती बोली बोललं तर पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. मी तिला सांगितलं, आम्ही घरची बोली बोललो की मास्तर अंगठे धरून उभं करायचे. मग मी तसा वाकून दाखवला. तिला हसू आवरेना, आणि मला पुन्हा सरळ होता येईना. ग्विनने धरून उठवलं.

इथे जिथे पाहावं तिथे पाणी. रस्त्याच्या कडेने वाहतं, दगडातून झिरपतं, कोणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. मला आपल्या वाडीतलं तळं, आपलं बावखल आठवतं. आता कितव्या पायरीवर आलंय पाणी? मी निघालो तेव्हा सातवी पायरी ओली होती. चैत्रात एवढं उतरायचंच म्हणा.

मोटारीचं मी लिहिलं होतं. तो माणूस वालीवचा आहे. सज्जन वाटला. त्याच्याकडे एक टँकरही आहे. केळी भिजवून झाल्यावर दोन-चार खेपा तो भरून नेईल कदाचित, सोपाऱ्याकडे नव्या इमारतींतल्या लोकांना प्यायला पाणी नाही म्हणे. तू पाहिलंस तर उगाच गैरसमज नको, म्हणून आधीच लिहितो.

गुडघ्याचं कळव. सगळ्यांचं कळव.

सेबॅस्टियन


लानवेन
मंगळवार, २४ एप्रिल १९८४

प्रिय प्लासिड,

तुला, डेल्फिनला, ॲन्सेल्मला ईस्टरच्या शुभेच्छा. हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस, आणि शेवटपर्यंत वाच, मग फाडायचं तर फाड.

काल ईस्टरचा सोमवार, इथे सुट्टी. ग्विनने सगळ्यांना गाडीत घातलं. मेगन पुढे बसली, मी आणि विनी मागे, पोर मांडीवर. आधी एक धबधबा दाखवला. मग डोंगर चढून पलीकडे उतरलो तर खाली एवढं मोठं तळं, की पलीकडचा काठ धुक्यात गेलेला. मी म्हटलं, किती सुंदर जागा आहे. ग्विनने गाडी थांबवली आणि आईला हात देऊन उतरवलं.

काठावर एक बाक आहे. ती तिथे उभी राहिली आणि बोट दाखवायला लागली, पाण्याकडे. म्हणाली, "तिथे टपालघर. तिथे शाळा. तिथे चॅपेल." मग बोट जरा डावीकडे नेलं. "तिथे मी."

मला आधी काही कळेना. विनीने समजावलं. ते तळं नव्हे, धरण आहे. वीस वर्षांपूर्वी दूरच्या एका मोठ्या शहराला पाणी हवं होतं म्हणून दरी अडवली. गाव होतं ते खाली राहिलं. काही थडगी उचलून नेली, काही तशीच ठेवली. लोक पांगले. मेगन लानवेनला आली.

ग्विन आणि विनी पोरीला घेऊन फिरायला गेले. आम्ही दोघं म्हातारी बाकावर. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तुम्ही लोकांनी अडवलं नाही? ती म्हणाली, सगळ्यांनी अडवलं, शहरात जाऊन रस्त्यावर उभे राहिले. पण त्याच्या फार आधी मोजणीची माणसं आली होती. जमिनीत भोकं पाडून दगड कुठे लागतो ते बघायला. कोणी त्यांना आपल्या शेतात येऊ देईना. पहिलं भोक तिच्या वडिलांच्या शेतात पडलं. त्यांनीच पाडू दिलं. त्यांना वाटलं, शेत माझं, भोक माझ्या शेतात, दुसऱ्याचं काय जातंय? आठ दिवसांनी बुजवून टाकू. माणसं लांबून आली होती, भिजली होती. तिच्या आईने त्यांना जेवू घातलं.

गाव बुडाल्यावर वडील तिच्याकडे राहिले. दर रविवारी चॅपेल झालं की या बाकावर येऊन बसायचे.

मी विचारलं, गावचे लोक त्यांच्याशी बोलत नव्हते का?

"बोलायचे," ती म्हणाली. "तेच बोलत नव्हते."

प्लासिड, मग तिने मला आपल्याकडचं विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे वाडीच्या मधोमध खणलेलं गोड्या पाण्याचं तळं असतं, त्याला बावखल म्हणतात. समुद्र हाकेवर, तरी पाणी गोड. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्याला खाली दाबून धरतं, म्हणून उपसायचं ते जपून. आमच्या बापाने जमीन दोन भावांत वाटली पण बावखल वाटलं नाही. चार दिवस एकाची पाळी, चार दिवस दुसऱ्याची. ती म्हणाली, चांगली रीत आहे. आणि तुम्ही इथे असताना तुमचे चार दिवस कोण बघतं?

मी म्हटलं, माझा भाऊ.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, त्या बाईच्या शेजारी बसून खोटं बोललो. कालपासून अन्न गोड लागत नाही.

आता खरं ऐक. वालीवचा माणूस केळी भिजवायला नाही. केळी मी सांगितलीच नाहीत त्याला. तो टँकरवाला आहे, आणि माझ्या पाळीचं सगळं पाणी मी त्याला लिहून दिलंय, १ एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत. कागदावर सही केली. फुकट दिलं नाही, हेही सांगतो. मनाची समजूत अशी घातली की मी नसणार, माझे दिवस वाया जाणार, त्यापेक्षा तहानलेल्यांच्या घशात जाऊ दे. पाळी माझी, मग पाणी माझं. आणि मी विमानात बसल्यावर पहिला टँकर यावा अशी तारीख घातली, म्हणजे तुझ्यासमोर तोंड दाखवायला नको. एवढा शूर तुझा थोरला भाऊ.

मला माहीत नव्हतं असं नाही. मलाच तर माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी मी मोटार बसवली आणि तू राहाट चालवत राहिलास. तेव्हा मी साऱ्या आळीसमोर म्हणालो होतो, रेड्यामागे फिरून फिरून प्लासिडची अक्कलपण गोल गोल फिरते. लोक हसले. त्या वैशाखात बावखलाचं पाणी मचूळ झालं आणि तुझी सगळी पानवेल महिन्याभरात काळी पडली. मी म्हणालो, रोग आला, प्लासिडने खत चुकवलं. रोग नव्हता, प्लासिड. माझ्या मोटारीने खोलवर उपसलं आणि खालचं खारं वर आलं. मला तेव्हाच कळलं होतं. मार्गारेट म्हणायची, जा, एकदा जाऊन बोला त्याच्याशी. तिच्या पेटीला तू खांदा दिलास आणि न बोलता गेलास, तेव्हाही मी वाट पाहत राहिलो की तू आधी बोलशील.

त्या वेळी तीन पावसाळे लागले पाणी पुन्हा गोड व्हायला, आणि ती नुसती माझी वाडीची मोटार होती. हे टँकर आहेत.

म्हणून आता करायचं ते असं. मोटारीच्या खोलीचं कुलूप तोड. टँकरवाला कागद दाखवेल, त्याला सोबतची चिठ्ठी दाखव. तीत लिहिलंय की सेबॅस्टियनने दिलेला शब्द सेबॅस्टियनने परत घेतला, त्याचं जे निघेल ते मी आल्यावर बघेन. आणि माझ्या पाळीचे चार दिवस आजपासून तुझे. या उन्हाळ्यापुरते नव्हे, कायमचे. दुसऱ्या चिठ्ठीवर तेही सही करून दिलंय. मोटार चालवू नकोस, राहाटच ठेव. तुला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

पत्राला दहा दिवस लागतील. तेवढा धीर नाही. विनीला सगळं सांगितलं. तिने पोरीला ग्विनकडे दिलं आणि टपालघरातल्या फोनवरून तार लिहवली: मोटार बंद कर, कुलूप तोड, माझी पाळी तुझी, पत्र येत आहे, सेबॅस्टियन. इंग्रजीत आहे, ॲन्सेल्म वाचून दाखवेल.

तुझा भाऊ,
सेबॅस्टियन


लानवेन
रविवार, २९ एप्रिल १९८४

प्रिय प्लासिड,

तारेला पाच दिवस झाले. उत्तर नाही. तार मिळाली का? मिळाली तर कुलूप तोडलंस का? तू तार हातात घेऊन म्हणाला असशील, तार काय, कोणीही करतो, तिच्यात माझ्या भावाचं अक्षर कुठाय. तू तसा आहेस. म्हणून पुन्हा लिहितो, माझ्या हाताने: तार माझीच.

मी बोटांवर दिवस मोजतो. माझी पाळी कधी सुरू, कधी संपते. आज माझ्या पाळीचा दुसरा दिवस. म्हणजे मी इथे मिस्सेला गुडघे टेकले तेव्हा तिथे दुपार टळली होती आणि कदाचित टँकर लागले होते. फादर प्रवचनात काय म्हणाले, एक अक्षर कळलं नाही.

काल ग्विनने मला गुंतवायला म्हणून वाफेच्या आगगाडीत बसवलं. चिमुकली गाडी, डोंगराला वळसा घालून जाते, खाली दरी, लोक खिडकीतून फोटो काढतात. चार तास फिरून जिथून निघाली तिथेच आणून सोडलं. मी म्हटलं, जावईबापू, परत इथेच यायचं होतं तर बसलो कशाला? समुद्रावर नेलं, तिथेही मी वाळू उकरून पाणी कुठे लागतं ते बघत बसलो. पोरं जमली, त्यांना वाटलं आजोबा किल्ला बांधतायत.

टपालवाला आता फाटकापाशी आला की आधी दोन्ही हात रिकामे दाखवतो, मगच गुड मॉर्निंग म्हणतो. मेगनलाही सगळं सांगून टाकलं, खोटं बोललो ते धरून. ती रागावली नाही. तिने चहा केला. मग म्हणाली, माझ्या वडिलांना कळलं तेव्हा भिंत बांधून झाली होती. तुमची अजून व्हायची आहे. इंग्रजी मोडकं, पण बोलणं धड.

एका ओळीचं कार्ड टाक.

सेबॅस्टियन


लानवेन
शुक्रवार, ४ मे १९८४

प्रिय प्लासिड,

तुझं पत्र आज आलं. टपालवाल्याने लांबूनच हात वर केला आणि पाकीट हलवून दाखवलं. अक्षर पाहिलं आणि फाटकाला धरून उभा राहिलो. आत आणायला विनीला यावं लागलं.

वर तारीख १८ एप्रिल. म्हणजे तू हे लिहिलंस तेव्हा माझं पहिलंच पत्र तुझ्या हातात होतं. दुसरं नव्हतं, कबुली नव्हती, तारही नव्हती.

विनीने मला दोनदा वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. पुन्हा उतरवतो, कारण तू काय लिहिलंस ते तुझ्या लक्षात असेल, पण ते इथे कसं पोचलं ते तुला कळावं.

"गुडघा बरा आहे. डेल्फिनचा डोळा बरा आहे. ॲन्सेल्मची परीक्षा झाली. भागूबाईचा खोकला आहे तसाच आहे. रेड्याचा खूर भरला.

तुझ्या पाळीत टँकर येतात. दिवसाला आठ, कधी दहा. आवाज आला तर मनावर घेऊ नकोस असं तू लिहिलंस, म्हणून घेतलं नाही. ॲन्सेल्म कोयता घेऊन कुलूप तोडायला निघाला होता, त्याला मी धरलं. दुसऱ्याच्या पाळीत हात घालायचा नाही, हे बाबांनी दोघांना सांगितलं होतं. पाळी तुझी आहे.

टँकरवाला तुझ्या केळीला पाणी सोडत नाही. त्याला सांगितलं, तो म्हणाला, तसं ठरलेलं नाही. तू केळी वाळू नयेत म्हणून लिहिलंस. म्हणून माझ्या पाळीतलं पाणी तुझ्या पाटात सोडतो. राहाटाची गाडगी आता अर्धीच भरून येतात, त्यामुळे तुझी केळी झाली की माझ्या मोगऱ्याला पुरत नाही. केळी बरी आहेत.

विनीच्या पोरीला माझा आशीर्वाद. प्लासिड."

एवढंच. आठ वर्षांनंतर एवढंच, आणि यात एकही शिवी नाही. एखादी घातली असतीस तर मला उभं राहायला जागा मिळाली असती.

मी खोटं लिहिलं होतं, प्लासिड. केळी हे मी नुसतं तोंडाला आलं म्हणून लिहिलं. मोटारीला काहीतरी कारण हवं होतं. आणि तू त्या एका खोट्या शब्दासाठी मोगरा वाळवतोयस. ॲन्सेल्मला सोडायला हवं होतंस. कोयता घेऊन निघालेल्या पोराला अक्कल होती, आपल्या दोघांना नाही. मी पाळीच्या नावाखाली पाणी विकलं आणि तू पाळीच्या नावाखाली बघत बसलास. बाबांनी पाळी घातली ती बावखल टिकावं म्हणून.

तुला दोष देत नाही. देईन कुठल्या तोंडाने? पण आता सांगतो ते थोरला भाऊ म्हणून ऐक, मग हवं तर पुन्हा आठ वर्षं बोलू नकोस. माझ्या केळीला एक थेंबही सोडू नकोस. वाळू दे, मुळापासून वाळू दे. केळं पुन्हा लावता येतं. मोगरा भिजव. आणि आपल्या घरात आता चार-चार दिवस राहिलेले नाहीत, आठही तुझेच आहेत, तेव्हा कुलुपाला हात लावताना दुसऱ्याच्या पाळीत हात घालतोय असं मनात आणू नकोस. तार मिळाली असेल आणि तू माझ्या अक्षराची वाट बघत थांबला असशील, तर हे घे अक्षर. तोडलं नसशील तर वाचता वाचता ऊठ.

विनीने आज टपालघरातून विमान कंपनीला फोन लावून दिला. तिकीट बदलत नाहीत म्हणतात. अठरा जूनपर्यंत मी इथेच. ग्विन म्हणाला, उद्या एक जुना पूल बघायला जाऊ. विनीने त्याला डोळ्याने गप्प केलं. मी म्हटलं, जाऊ या. घरात बसलो तर भिंती चाटीन.

आता शेवटचं. हे पत्र मिळेल त्या दिवशी बावखलाच्या तळच्या पायरीपर्यंत उतर. गुडघा दुखत असेल तर ॲन्सेल्मला उतरव. ओंजळभर पाणी तोंडात घे, गिळू नकोस, जिभेवर धर. मग दुसरं काही लिहू नकोस, कोणाची तब्येत नको, आशीर्वाद नको. गोड आहे की मचूळ झालं, एवढा एकच शब्द कार्डावर लिही आणि त्याच दिवशी टपालात टाक. मचूळ झालं असलं तरी लिही. लवकर लिही, प्लासिड.

तुझा दादा,
सेबॅस्टियन